परकायाप्रवेश आणि परतीची वाट

भारतीय परंपरेतील परकायाप्रवेशाच्या कथांमध्ये एक तपशील सहसा चुकत नाही. दुसऱ्याच्या देहात शिरणारा सिद्ध पुरुष आपला मूळ देह कोणाच्या तरी स्वाधीन करून जातो. 'शंकरदिग्विजया'तील आख्यायिकेत उभयभारतीने कामशास्त्रावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी शंकराचार्य मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश करतात आणि त्यांचा संन्यस्त देह शिष्य राखत बसतात. राजदेहात आचार्य रमतात, ठरलेली मुदत उलटून जाते, आणि अखेर शिष्यांनाच त्यांना शोधून भानावर आणावे लागते. योगसूत्रांच्या विभूतिपादात परशरीरावेशाची नोंद सिद्धी म्हणून आहे. आख्यानकारांना मात्र तिच्यातील संकटाचे आकर्षण अधिक. गेलेला परत येईल का, आणि आला तर जो गेला होता तोच येईल का, यावर कथेचा सारा ताण उभा असतो.

'भगवदज्जुकीय' या संस्कृत प्रहसनात हाच प्रश्न हसत हसत उलटा करून ठेवलेला आहे. शिष्याला योगाचे सामर्थ्य दाखवावे म्हणून एक परिव्राजक नुकत्याच मृत झालेल्या गणिकेच्या देहात शिरतो. भलत्याच व्यक्तीचा जीव आपण नेला हे ध्यानात येऊन यमदूत परततो, तर देह आधीच व्यापलेला. मग तो गणिकेचा जीव परिव्राजकाच्या निश्चेष्ट देहात घालतो आणि मोकळा होतो. गणिका शास्त्र बोलू लागते, परिव्राजक मद्य मागू लागतो. येथील हास्य एका गृहीतकावर उभे आहे: देह कोणताही असो, जीव आपले शील सोडत नाही. अमरुक राजाच्या कथेत हेच गृहीतक डळमळते. तेथे देह आपला अंमल चालवतो आणि राजाच्या देहात यतीला यतित्वाचा विसर पडतो.

जीव देहाला वळवतो की देह जीवाला, हा या दोन कथांमधील मतभेद गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रयोगशाळेत गेला आहे. तेथे त्याला मिळालेले उत्तर दुसऱ्या कथेच्या बाजूचे आहे. पण त्या उत्तराबरोबर एक नैतिक दावाही आला, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तपासायला हवा तो हा दावा. दुसऱ्याचा देह घेतला की दुसरा कळतो, असे तो सांगतो. वाङ्मयाविषयी हेच विधान शतकानुशतके केले गेले असल्यामुळे या दाव्याची चिकित्सा ही एका परीने वाङ्मयाच्या नैतिक प्रतिष्ठेचीही चिकित्सा ठरते.

प्रयोगांची सुरुवात साध्या साधनांनी झाली. मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. प्रयोगार्थीचा डावा हात पडद्याआड ठेवलेला, त्याच्या नजरेसमोर मेजावर रबरी हात. लपलेल्या हातावर आणि रबरी हातावर दोन कुंचले एकाच वेळी, एकाच लयीत फिरवले जातात. काही मिनिटांत प्रयोगार्थीला स्पर्श रबरी हाताच्या जागी होत असल्यासारखा वाटू लागतो आणि तो हात आपलाच आहे असा भास होतो. कुंचल्यांची लय मोडली की भास विरतो. डोळे मिटून आपला डावा हात कोठे आहे हे दाखवायला सांगितले, तर बोट रबरी हाताच्या दिशेला सरकलेले आढळते. 'हा हात माझा' हे ममत्व जन्मजात, अढळ असे काही नाही. दृष्टी, स्पर्श आणि हालचालींच्या जाणिवा एकमेकींशी जुळवून घेत ते क्षणोक्षणी घडवत असतात, असा त्याचा अर्थ. २००७ मध्ये ऑलाफ ब्लांके यांच्या गटाने आणि हेन्रिक एर्सन यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना हातावरून संपूर्ण देहावर नेली.

हाताचे जे खरे ते सबंध देहाचेही खरे असेल, तर उद्या अगदी निराळा देह देऊन पाहता येईल काय, या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो मेल स्लेटर यांनी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आणि पुढे बार्सिलोना विद्यापीठात, मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक मावी सांचेझ-व्हिवेस यांच्यासह चालवलेल्या प्रयोगशाळेत, त्यांनी आभासी वास्तवाचा उपयोग करमणुकीसाठी नव्हे तर जाणिवेचा अभ्यास करण्यासाठी केला. प्रयोगार्थी डोळ्यांवर हेडसेट चढवतो. त्याच्या हालचाली टिपणारा पोशाख अंगात असतो. मान खाली घालून पाहिले तर स्वतःच्या देहाच्या जागी दुसराच देह दिसतो. हात उचलला तर त्या देहाचा हात उचलला जातो. समोर आभासी आरसा असतो. त्यातली अनोळखी आकृती प्रत्येक हालचालीला साथ देते. या प्रतिमादेहाला इंग्रजीत 'अवतार' हा संस्कृत शब्दच रूढ झाला आहे. पुराणातल्या अवताराला आपण कोण हे कळण्यासाठी आरसा लागत नसे, एवढा फरक मात्र नोंदवायला हवा.

२०१० च्या एका प्रयोगात पुरुष प्रयोगार्थींना लहान मुलीचा देह देण्यात आला. आभासी खोलीतील एक स्त्री त्या मुलीच्या खांद्याला स्पर्श करी. काही वेळाने प्रयोगार्थीचा दृष्टिकोन त्या देहातून वर काढून घेतला जाई आणि ती स्त्री मुलीच्या थोबाडीत मारताना त्याला बाहेरून दिसे. ज्यांनी आधी तो देह आतून पाहिला होता त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांनी त्या क्षणी अधिक तीव्र प्रतिसाद दिला. २०१३ मध्ये डोम्ना बनाकू आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना सुमारे चार वर्षांच्या मुलाचा देह दिला, आणि तुलनेसाठी तेवढ्याच उंचीचा, पण प्रौढ प्रमाणांचा देह दिला. दोन्ही देहांतून वस्तू होत्या त्याहून मोठ्या भासल्या. मुलाच्या देहातून त्या अधिकच मोठ्या भासल्या. उंची तीच, डोळ्यांची पातळी तीच; तरीही मूल असण्याने जगाचे माप बदलले. भगवदज्जुकीयकाराला हे पटले नसते.

याच वर्षी टाबिता पेक, सोफिया साइनफेल्ड, साल्व्हातोरे आल्योती आणि स्लेटर यांचा बहुचर्चित निबंध प्रसिद्ध झाला. गौरवर्णी स्त्रिया सुमारे १२ मिनिटे कृष्णवर्णी आभासी देहात राहिल्या. आधी आणि नंतर त्यांनी अव्यक्त पूर्वग्रह मोजणारी साहचर्य चाचणी दिली. गौर देह मिळालेल्या किंवा जांभळ्या कातडीचा देह मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत कृष्ण देहात राहिलेल्यांचा पूर्वग्रह घटलेला दिसला. २०१६ च्या पुढील अभ्यासात हा परिणाम निदान एक आठवडा टिकलेला आढळला. या चाचणीतून प्रत्यक्ष वर्तनाविषयी कितपत अनुमान काढता येते यावर मानसशास्त्रात मोठे मतभेद आहेत, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. तरीही एखाद्या व्याख्यानाने, उपदेशाने, किंबहुना कादंबरीने जे सहजी घडत नाही ते १२ मिनिटांत घडावे, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

हे माध्यम म्हणजे सहानुभूतीचे अंतिम यंत्र होय, अशी घोषणा चित्रपट दिग्दर्शक ख्रिस मिल्क यांनी २०१५ च्या एका व्याख्यानात केली आणि ती जगभर पसरली. स्लेटर व त्यांच्या सहकाऱ्यांचे शोधनिबंध या मानाने सावध आहेत. दाव्याची तपासणी करायची तर घोषणेपाशी न थांबता प्रयोगांपाशी जावे लागते.

मराठी समीक्षेला या ठिकाणी एक जुनी संकल्पना आठवावी. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाच्या मुळाशी 'सविकल्प समाधी' असल्याचे प्रतिपादन केले. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. एकाच वेळी दोन्ही ठिकाणी असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्यांच्या सिद्धांताचा गाभा. आभासी देहातील प्रयोगार्थीची अवस्था प्रथमदर्शनी अगदी अशीच वाटते. २००९ च्या निबंधात स्लेटर यांनी 'स्थळभ्रम' आणि 'घटनेची संभाव्यता' या दोन संकल्पना मांडल्या. आपण प्रत्यक्षात तेथे नाही, जे घडते आहे ते घडत नाही, हे पक्के ठाऊक असूनही तेथे असल्याची आणि ते घडत असल्याची प्रतीती येते, हे 'असूनही' त्यांच्या दृष्टीने कळीचे आहे. त्यांच्या गटाने २००६ मध्ये स्टॅन्ली मिलग्राम यांच्या आज्ञापालनाच्या कुप्रसिद्ध प्रयोगाची आभासी आवृत्ती केली होती. ३४ जणांपैकी २३ जणांना शिकणारी आभासी स्त्री दिसत आणि ऐकू येत होती. उरलेल्या ११ जणांचा तिच्याशी संबंध केवळ लिखित मजकुरातून येई. उत्तर चुकले की तिला विजेचा धक्का द्यायचा. ती केवळ संगणकाने रंगवलेली आकृती आहे हे सर्वांना माहीत होते. तरीही तिला पाहणाऱ्यांचे शरीर खऱ्या माणसाला इजा करत असल्यासारखे अस्वस्थ झाले, आणि काहींनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. विकल्प आहे, समाधीही आहे.

साम्य येथे संपते. केळकरांच्या वाचकात स्वतःची भूमिका राखणारा जो भाग आहे तो पाहणारा, तोलणारा आहे. पात्राबरोबर वाहवत जात असतानाही तो त्याच्याशी मतभेद करू शकतो. रास्कोल्निकोव्हबरोबर कुऱ्हाड उचलणारा वाचक त्याच क्षणी तिच्यापासून मागेही सरतो, आणि हे मागे सरणे वाचनाचाच भाग असते. प्रयोगार्थीत मात्र जाणणारा भाग शाबूत राहतो तरी निर्णयक्षमतेला काही काम उरत नाही. जे बदलते ते त्याच्या जाणिवेच्या खालच्या थरात, त्याच्या नकळत बदलते. चाचणीचे नावच 'अव्यक्त' असे आहे. कृष्ण देहातून बाहेर आलेल्या स्त्रीला आपला पूर्वग्रह घटला हे स्वतःला कळण्याची आवश्यकता नसते. ते संशोधकाच्या तक्त्यात कळते.

अभिनवगुप्तांच्या परिभाषेत हा फरक अधिक काटेकोरपणे सांगता येतो. रसास्वादातील विघ्नांमध्ये त्यांनी स्वगत किंवा परगत अशा विशिष्ट देशकालाच्या आवेशाची गणना केली आहे. रंगमंचावरचे भय हे माझे नाही, शत्रूचे नाही, मित्राचे नाही, तटस्थाचेही नाही. या व्यक्तिसंबंधांतून ते सुटे होते म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो आणि त्याच्याविषयी विचारही करता येतो. हे साधारणीकरण. आभासी वास्तवाचा सारा खटाटोप याच्या नेमका उलट आहे. 'हे माझ्या बाबतीत, या ठिकाणी, या क्षणी घडते आहे' हा आवेश निर्माण करणे हेच त्याचे यश. ज्याला रसशास्त्राने विघ्न मानले त्यालाच हे माध्यम साध्य मानते. आभासी वास्तव ही कादंबरीची पुढची पायरी आहे, असे जे वारंवार सुचवले जाते ते त्यामुळे टिकत नाही. कादंबरी वाचकाला त्याच्या देहातून काही काळ सैल करते; हेडसेट त्याला दुसऱ्या देहात घट्ट बांधतो.

घट्ट बांधल्यामुळे दुसरा अधिक कळतो, असे कोणी म्हणेल. जांभळ्या देहाचा विचार येथे उपयोगी पडतो. पेक व सहकाऱ्यांनी तो देह का योजला हे उघड आहे. जांभळी माणसे अस्तित्वात नाहीत. त्या कातडीला इतिहास नाही, तिच्याविषयी कोणाचा पूर्वग्रह नाही. त्यामुळे केवळ निराळ्या देहाचा परिणाम कोणता आणि कृष्ण देहाचा कोणता हे वेगळे करता येते. प्रयोगाची रचना म्हणून हे निर्दोष आहे. पण मग प्रयोगशाळेतील कृष्ण देहाला तरी इतिहास कोठे आहे? त्यालाही आई नाही, वस्ती नाही, शाळेतला अपमान नाही, पोलिसांची भीती नाही. संगणकाच्या दृष्टीने जांभळा आणि काळा यांत रंगाच्या आकड्यांपलीकडे भेद नाही. दोन्ही देहांच्या परिणामांत जो फरक पडला तो या देहांनी आणलेला नव्हता; तो प्रयोगार्थी स्त्रियांनी आपल्याबरोबर आणला होता. कृष्ण कातडीशी त्यांच्या समाजाने जोडून ठेवलेली साहचर्ये त्यांच्याच मनात होती, आणि आरशातल्या आकृतीशी 'मी' जोडला गेल्यावर त्या साहचर्यांची जुळणी विस्कटली. प्रयोगातून कळाले ते गौरवर्णी मनाविषयी. कृष्णवर्णी माणसाविषयी त्यातून काहीही कळालेले नाही, कारण तेथे कृष्णवर्णी माणूस नव्हताच.

या वाचनाला स्लेटर यांच्याच गटातील पुढील संशोधन बळ देते. २०२० च्या अभ्यासात आभासी देहाबरोबर भोवतालची परिस्थितीही बदलण्यात आली. अनुकूल किंवा तटस्थ वातावरणात कृष्ण देहाचा परिणाम अपेक्षेप्रमाणे दिसला. भोवतालची माणसे प्रतिकूल वागू लागली तेव्हा पूर्वग्रह घटण्याचा परिणाम दिसला नाही. त्याआधी २००९ मध्ये व्हिक्टोरिया ग्रूम, जेरेमी बेलेन्सन आणि क्लिफर्ड नॅस यांच्या अभ्यासात नोकरीच्या मुलाखतीच्या प्रसंगात कृष्ण देह मिळालेल्यांचा पूर्वग्रह उलट वाढलेला आढळला होता. म्हणजे कृष्णवर्णी असण्याचा जो भाग खऱ्या जगात सर्वांत जाचक आहे, लोकांची नजर, त्यांचे मागे सरणे, मुलाखत घेणाऱ्याचे मनातल्या मनात मोजमाप, तो भाग प्रयोगात शिरला की माणसे त्या देहापासून दूर पळतात. देह जोवर निरुपद्रवी असतो तोवरच तो 'माझा' होतो. सहानुभूतीच्या यंत्राविषयी याहून कठोर टीका त्याच्या विरोधकांनाही करता आलेली नाही, आणि ती त्याच्या जनकांच्या आकडेवारीतून आली आहे, हे या संशोधनाचे श्रेयच मानावे लागेल.

लिसा नाकामुरा यांनी १९९५ मध्येच, पडद्यावर केवळ मजकूर असण्याच्या काळात, दुसऱ्या वंशाची ओळख काही वेळापुरती धारण करण्याला 'अस्मितेचे पर्यटन' म्हटले होते. पर्यटक हा शब्द चपखल आहे, कारण पर्यटकाजवळ परतीचे तिकीट असते. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्या 'द क्रॅक्ड मिरर' (२०१२) या ग्रंथातील वादाचा एक धागा नेमका येथे येऊन मिळतो. दलित अनुभवाविषयी सिद्धांत कोणी मांडावा, हा त्या वादाचा विषय. जगलेला अनुभव हा इतर अनुभवांहून कशाने वेगळा, याचा शोध घेताना सरुक्काई एक निर्णायक खूण सांगतात: त्यात शिरण्याचे वा त्यातून निघण्याचे स्वातंत्र्य अनुभवणाऱ्याला नसते. दुःखाची तीव्रता हा निकष नव्हे. त्यातून बाहेर पडता न येणे हा निकष. हा निकष लावला की आभासी देहातील अनुभव कितीही जिवंत केला, चित्र कितीही रेखीव झाले, स्पर्शाची साधने कितीही सुधारली, तरी तो दुसऱ्या बाजूलाच राहतो. उणीव तंत्राची नाही. हेडसेट काढता येतो, आणि संशोधनाच्या नीतिनियमांनुसार तो केव्हाही काढण्याचा हक्क प्रयोगार्थीला द्यावाच लागतो.

दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचना या संदर्भात नव्याने पाहण्याजोगी आहे. तेथे शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि दगडू मारुती पवार यांना समोरासमोर बसवले आहे. आत्मकथन दगडू सांगतो. एकाच देहात दोघे. वर गेलेल्याला दगडूच्या देहात पूर्ण परतता येत नाही आणि त्यातून पूर्ण निघताही येत नाही. जो देह जन्माने मिळाला तोच परका आणि तोच न सुटणारा, अशी ही अवस्था. आणि पुस्तक वाचकाला दगडूच्या जागी बसवत नाही. संवादात वाचकाला जागा आहे ती श्रोत्याची, तीही आगंतुक श्रोत्याची. दलित आत्मकथनांनी मध्यमवर्गीय मराठी वाचकाला हलवले ते त्याला दलिताचा देह देऊन नव्हे. त्याला स्वतःच्याच देहात, स्वतःच्याच घरात, आपल्या पाणवठ्याच्या अलीकडे उभे करून हलवले. त्या वाचकांपैकी कित्येकांनी केवळ हळहळून पुस्तक मिटले असेल, हे खरे. पण हळहळणारा कोण आणि कोठे उभा आहे, हे त्या पुस्तकाने लपवले नव्हते.

असे असले तरी या प्रयोगांची नैतिक बाजू येथेच निकालात काढणे अन्यायाचे होईल. २०१८ चा एक अभ्यास सर्वांत गंभीर आहे. साइनफेल्ड, स्लेटर आणि सहकाऱ्यांनी घरगुती हिंसाचाराबद्दल दोषी ठरलेल्या पुरुषांना आभासी स्त्रीचा देह दिला. समोरून एक आभासी पुरुष येतो, आवाज चढवतो, अंगावर येतो, स्त्रीच्या देहात उभ्या असलेल्या पुरुषाची वाट अडवतो. प्रयोगापूर्वी या पुरुषांना स्त्रियांच्या चेहऱ्यांवरील भीती ओळखण्यात इतर पुरुषांपेक्षा अधिक अडचण येत होती. घाबरलेला चेहरा आनंदी मानण्याकडे त्यांचा कल होता. प्रयोगानंतर भीती ओळखण्याची त्यांची क्षमता सुधारली.

घाबरलेला चेहरा आनंदी वाटणे, या एका निरीक्षणात पुष्कळ काही आहे. एरवी नीतिचर्चा असे समजून चालते की अत्याचार करणाऱ्याला समोरच्याचे दुःख दिसते आणि तो ते धुडकावतो. येथे दिसण्यातच बिघाड आहे. ज्याला भीती दिसतच नाही त्याला तर्काने काय सांगणार? उपदेश, शिक्षा, समुपदेशन हे सारे दिसण्यानंतरचे उपाय आहेत. देहाच्या अदलाबदलीने हा दृष्टिदोष काही अंशी दूर होत असेल, तर तो बदल त्या माणसाच्या संमतीने, विचाराने झाला नाही एवढ्यावरून त्याला तुच्छ लेखता येणार नाही. चष्मा लावल्यावर दिसू लागणे हे नैतिक कर्तृत्व नव्हे, पण चष्म्यावाचून पुष्कळ नैतिक कर्तृत्व अशक्य होते.

तथापि दिसणे हे करुणेचे नाव नाही. छळ करण्यात वाकबगार असलेल्याला बळीच्या चेहऱ्यावरची भीती फार चांगली वाचता येते. त्याचे कसबच ते आहे. भीती ओळखता येऊ लागलेला पुरुष त्या ओळखीचे काय करील हे ओळखीत लिहिलेले नसते. शिवाय जे तंत्र जाणिवेच्या खालच्या थराला हात घालून पूर्वग्रह घटवते त्याच तंत्राने तो वाढवता येणार नाही, याची हमी कोणी द्यावी? २००९ आणि २०२० च्या अभ्यासांत त्याची चुणूक मिळालेलीच आहे. मायकेल मॅडरी आणि टोमास मेट्झिंगर यांनी २०१६ मध्ये आभासी वास्तवासाठी नीतिसंहिता सुचवली ती याच चिंतेतून. मेट्झिंगर हे 'स्व' नावाची वस्तूच नसते, असते ते केवळ मेंदूने रचलेले स्वतःचे प्रतिमान, असे प्रतिपादणारे तत्त्वज्ञ. 'स्व' असा रचलेला असेल तर तो बाहेरून रचताही येईल, ही त्या प्रतिपादनाची काळी बाजू त्यांनी स्वतःच ओळखली. प्रयोगशाळेत प्रयोगार्थीचे संमतिपत्र असते, समिती असते, प्रयोगानंतर त्याला सारे समजावून सांगितले जाते. घरोघरी विकल्या जाणाऱ्या हेडसेटमध्ये देह कोणता द्यावा हे व्यापारी ठरवतो.

शंकराचार्यांच्या आख्यायिकेत शिष्यांचे काम म्हणूनच दुय्यम नाही. राजदेहात मिळालेल्या ज्ञानाचे काय करायचे हे राजदेहात ठरत नाही; ते गुहेत राखून ठेवलेल्या देहात परतल्यावर ठरते. बार्सिलोनातील प्रयोगांचे टिपण बहुधा प्रयोगार्थी परतण्याच्या क्षणी थांबते. चाचणी दिली जाते, आकडे नोंदले जातात, पोशाख उतरवला जातो. २०१८ च्या प्रयोगातील पुरुष आभासी स्त्रीच्या देहातून बाहेर पडला तेव्हा त्याला छायाचित्रांतले घाबरलेले चेहरे ओळखता येत होते. ज्या स्त्रीचा देह त्याने घेतला होता ती कोणीच नव्हती. ज्या स्त्रीला त्याने मारले होते ती या प्रयोगात कोठेच नाही. तिला कोणी काही विचारलेले नाही. उद्या तो दारात उभा राहील तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय आहे हे मात्र तिलाच वाचावे लागेल.